पंचवीस अंशांचा उंचवटा

वारजे, पुणे

तीर्थरूप दीनानाथमामांस साष्टांग नमस्कार (गुडघा दुखतोय, सध्या उभ्यानेच समजून घ्या). तुमची शुगर आणि मामीचा राग दोन्ही आटोक्यात असावेत. मी बरी आहे, म्हणजे परवापर्यंत होते.

दात काढताना हिरडी बधिर करतात ते औषध पाण्यात विरघळवायचं आणि वीस ते चाळीस अंशांपर्यंत ते किती जागा व्यापतं हे मोजायचं, हा माझा प्रबंध (तुम्हाला ठाऊक आहे, पण मामी पत्र वाचते). माझे मार्गदर्शक रंगनाथसर, त्यांच्या जुन्या आलेखात पंचवीस अंशांवर घनतेचा एक उंचवटा आहे. त्यावरच त्यांचं नाव झालं, आणि तेव्हा त्यांच्या हाताखाली तुम्ही होतात. माझ्या आलेखात आठ महिने तो येईना. रेषा आपली सरळ खाली उतरते. सर रोज विचारायचे, "आपण बाटल्या धुता, की नुसत्या पाण्याला दाखवता?" डिसेंबरात मुदत संपते, त्यामुळे झोप उडाली होती.

परवा खंडेनवमीला गेनबाकाका शिपायांनी (प्रयोगशाळा त्यांचीच, आम्ही पाहुणे) यंत्राला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी फुलानं सगळीकडे शिंपडलं. दुपारी मोजते तर उंचवटा हजर, सरांच्या आकड्याला अगदी खेटून. सरांनी पेढे वाटले आणि मला पहिल्यांदा 'अगं' म्हणाले. मी मात्र बाटली धुताना रडले, कारण तळाशी झेंडूची पाकळी होती. सकाळी पंचवीस अंशांची बाटली आधी उघडायची ही रीत तुमच्या वेळचीच, म्हणून शिंपडताना उघडी तेवढी तीच होती. काकांना विचारलं तर म्हणाले, "यंत्राला शिंपडलं, मंग बाटलीनं काय घोडं मारलंय?"

मग मी सरांच्या त्या आलेखाची जुनी वही काढली. उंचवट्याच्या पानावर तुमच्या अक्षरात लिहिलंय: 'खंडेनवमी. नारळ मी फोडला, पाणी सगळीकडे शिंपडलं.' मामा, तीस वर्षं सर नारळपाण्यावर व्याख्यानं देतायत हो.

मामीला नमस्कार.

तुमची भाची,
स्पृहा

ता. क. पत्राचं खरं कारण असं की सरांना हे तुम्ही फोन करून सांगा. खोटा उंचवटा मी प्रबंधात घालणार नाही, आणि त्यांचा पडलेला चेहरा मला बघवणार नाही. माझा जीव आहे त्या माणसावर. हे सांगू नका.

ता. क. २ फोन करू नका. पत्र टेबलावर विसरले होते, सरांनी वाचलं. मग बाह्या दुमडून बाटल्या धुवायला बसले. खालच्या ओळी त्यांच्या अक्षरात आहेत.

दीनानाथ, पोरीची रेषा बरोबर आहे. दिवाळीला ये. नारळ आणू नकोस.