आमटी आणि वीस इंची चाकं

५ जानेवारी, सोमवार
आजपासून आईचे डबे माझ्या सायकलवर. चाकं लहान आहेत, वीस इंची. पुढे टोपली, मागे रुंद कॅरिअर. चाक लहान म्हणजे वजन जमिनीजवळ, वजन जमिनीजवळ म्हणजे तोल उत्तम. सगळं नीट वाचूनच घेतली आहे.
मुंबई नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलमधल्या नर्सेस आईकडून डबे घेतात. आतापर्यंत रावजीमामा रिक्षातून पोचवायचे. पण मामा आमच्या राजीवनगरहून सर्व्हिस रोडने थेट राँग साइडने जातात. सगळेच जातात. तरीही आईचं अन्न रोज नियम मोडून जावं हे मला पटत नाही.
मामांनी सायकलीभोवती एक फेरी मारली. म्हणाले, "काय गं तेजल, धुतल्यावर आटली का ही?" आई म्हणाली, "गप रे रावजी. तिला कळतं. शिकलीय ती."
आमच्या घरात शाळा पुरी केलेली मी पहिलीच. त्यामुळे आईच्या गोळ्यांपासून मामांच्या मुलीच्या स्थळापर्यंत माझाच शब्द शेवटचा. कोणी उलट विचारत नाही. म्हणून चूक करून चालत नाही.

६ जानेवारी
इंदिरानगरच्या बोगद्यातून हायवेच्या पलीकडे जायचं, मग नाका. लांब पडतं, पण बाजू बरोबर.
बोगद्याआधी स्पीडब्रेकरच्या बारीक पट्ट्या. मोठं चाक त्यांवरून निघून जातं. लहान चाक प्रत्येक पट्टीला भेटून जातं. आमटी सांडली. सायकलीचा दोष नाही, झाकणांचा आहे. थोडा आमटीचाही.

८ जानेवारी
आईला आमटी घट्ट करायला सांगितली. काळा मसाला ती स्वतः भाजते, कुटते. मामांचं म्हणणं, लोक डबा घेतात ते त्या आमटीसाठी. मामांचं म्हणणं पुष्कळ असतं.
आईने विचारलं, "किती घट्ट?"
म्हटलं, "हलणार नाही इतकी."
तिने बेसन लावलं.

१२ जानेवारी
आमटी बंद. सुका बटाटा, सुकी गवार, सुकं बेसन असं आलटूनपालटून. आरोग्यालाही बरं.
भाकरीचे मात्र तुकडे होतात. उद्यापासून भाकरीखाली फडकं.
सायकलीला कुलूप लावलं की नाही हे बघायला आज परत बाहेर गेले. दोनदा. लावलेलं होतं.

१७ जानेवारी, शनिवार
डबे उतरवून घ्यायला संजना सिस्टर खाली येते. आज म्हणाली, "ए तेजल, उद्यापासून सोबत नळ पण आण बाई. घास उतरत नाही घशाखाली." बाकीच्या खो-खो हसल्या. थट्टा करतात म्हणजे आपलं मानतात.
घरी सांगितलं नाही. आईला थट्टा कळत नाही.

२१ जानेवारी
डबे बरेच कमी झालेत. कोणी बाई स्कूटीवरून रस्सा घेऊन येते म्हणे. कधीतरी नक्की पडेल.
भार कमी झाल्यापासून सायकल फार सुरेख चालते. म्हणजे डबे मुळात जास्तच होते. हे आधी लक्षात यायला हवं होतं.
आई चूल आवरताना म्हणाली, "मसाला तसाच पडलाय बघ बरणीत." नुसतंच म्हणाली. मी बरणीचं झाकण घट्ट केलं. उगाचच.

२४ जानेवारी
मोठी बातमी! संजना सिस्टरने मेट्रन मॅडमकडे शब्द टाकला आहे. स्टाफच्या मेसचं काम द्यायचं आहे. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मॅडम चव बघणार. सिस्टरने बजावलं, "आमटी आण. ती पहिलीवाली. दगड नको."
काम मिळालं तर आईची गोविंदनगरची धुणीभांडी सुटतील. साबणाने तिच्या बोटांच्या बेचक्या फुटल्या आहेत. एका घरी तिने "पुढच्या महिन्यापासून येणार नाही" असं सांगूनही टाकलं. मी म्हटलं, जरा थांबायचं. तर म्हणाली, "तू आहेस ना न्यायला."

२९ जानेवारी, गुरुवार. सकाळ
घरभर मसाल्याचा वास. आईने इस्त्रीची साडी नेसली आहे. ती घरीच थांबणार आहे, तरी.
मामा रिक्षा चालू ठेवून दारात. "ताई, दे इकडं. हा गेलो नि हा आलो."
आईने पातेलं दोन्ही हातांत धरलं आणि माझ्याकडे बघितलं. "तू सांग."
आज रिक्षा चालते म्हटलं, तर इतके दिवस काय केलं?
सायकल म्हटलं. मामांनी रिक्षा बंद केली. "लय जपून जा मग," म्हणाले. थट्टा नाही केली.

त्याच दिवशी, संध्याकाळ
एक थेंबही सांडला नाही. हे आधी लिहून ठेवते.
पातेलं मागे घट्ट बांधलं होतं. पहिल्याच खड्ड्यात झाकण वाजलं, तेव्हा उतरले आणि सायकल हातात धरून चालत निघाले. बोगदा तुंबलेला. कुंभमेळ्याच्या कामासाठी कडेचा रस्ता खोदून ठेवलेला. समोरच्या सर्व्हिस रोडवर सगळे उलटे, आरामात चाललेले. एक मावशी ओरडल्या, "अगं पोरी, इकडून ये की!" मी गेले नाही.
पोचले तेव्हा मॅडम जेवून राउंडला गेल्या होत्या. स्कूटीवाल्या बाईचा रस्सा चाखून. काम तिला दिलं. संजना सिस्टरने झाकण काढून बोट बुडवलं, चाटलं आणि डोळे मिटले. "कुठं होतीस गं?" म्हणाली. हे मात्र थट्टेत नव्हतं.
घरी आईने पातेल्यात बघितलं. "सांडली नाही," मी म्हटलं.
"नाही ना," आई म्हणाली. तिने साडी बदलली.

२ फेब्रुवारी, सोमवार
सोडलेल्या घरी दुसरी बाई लागली. आईला पाथर्डी फाट्याकडे नवीन घर मिळालं, लांब आहे. आज पहिला दिवस. डबे पूर्ण बंद.
संध्याकाळी शेजारच्या मोहिनीमावशींनी ओट्यावर विचारलं, "विमलाबाई, डबे का गं थांबवले? चांगले चालले होते."
मी आत होते. आई म्हणाली, "पोरीची परीक्षा आलीय. बँकेची. तिचा वेळ जायचा डब्यांत, म्हणून मीच बंद केले."
बाहेर जाऊन खरं काय ते सांगायचं ठरवलं. उठलेसुद्धा. तेवढ्यात आईनेच हाक मारली, "तेजल, मावशीला सांग गं, कधी आहे पेपर."
मी दारात उभं राहून तारीख सांगितली. वारही सांगितला.
परीक्षेची जाहिरात अजून निघालेली नाही.