कप्तान कडाक्याचा कौल

कडाव,
शिमग्याचा दुसरा दिवस

ती. सौ. आत्यास पोपटचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? म्हैस व्याली असेल. पारडी की रेडा ते कळव. इकडे सगळी धडधाकट आहेत, फक्त आई माझ्याशी बोलत नाही. तू एवढ्या खटपटीनं जमवलेलं जनाचं स्थळ फिसकटलं हे तिच्या वडलांनी, आबाजींनी लोधिवलीभर केलंच असेल. पण त्यात माझी काही चूक नाही. सगळा घोळ कप्तान कडाक्याचा आहे.

(कडाका आपल्या भावकीतला नव्हे.) तो चित्रांच्या पुस्तकातला वीर. उडतो, फुटणाऱ्या धरणाला पाठ लावून उभा राहतो आणि चड्डी पँटच्या वरून घालतो. पुस्तक कर्जत स्टेशनवर मिळतं, मी ते भातगिरणीत पोत्याआड वाचतो. लोक म्हणतात, घोडा झाला तरी पोरखेळ सुटत नाही. मारुती उडाला की हेच लोक हात जोडतात, कडाका उडाला की मला हसतात. मग कर्जतला त्याचा सिनेमा लागला. त्यातल्या कडाक्याला ढेरी, पाठीला बांधलेली तार पार मागच्या बाकावरून दिसते, आणि धरण फुटायला आलेलं असताना हा बाईभोवती गाणं म्हणत फिरतो. वर त्याची पाठीवरची झूल लाल! पुस्तकात ती हिरवी आहे गं, पहिल्या पानापासून हिरवी. गिरणीतला माझा जोडीदार गजा सिनेमावाला, त्याला लालच खरी वाटते. पंचायतीच्या टीव्हीवर कडाका आला तेव्हा निकाल लागेल म्हटलं, तर तिथं झूल राखाडी, आणि गजानं अँटेना फिरवल्यावर कडाक्याचं धड वर उडालं नि डोकं खाली राहिलं. तरी आत्या, सिनेमात तो एसटी उचलतो ना, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. ढेरीसकट येतो.

म्हणून यंदा शिमग्याला मी कडाक्याचं सोंग घेतलं. हिरवं कापड मिळेना, नाइलाजानं लाल बांधलं. आपल्या गावचा रिवाज तू विसरली नसशील: सोंग अंगावर चढलं की होळीला फेरी घालेपर्यंत तोंड उघडायचं नाही. आणि नेमके तेव्हाच आबाजी घर बघायला आले. कर्जतला काम होतं म्हणून वाट वाकडी केली म्हणे. मी ओटीवर उभा, तोंडावर पुठ्ठ्याचा मुखवटा, पँटवर चड्डी. मुलगा कुठाय विचारल्यावर आई म्हणाली गावात गेलाय. हे कोण विचारल्यावर पुस्तकातला माणूस सांगायची तिला लाज वाटली. म्हणाली, "आमच्या कुळाचा राखणदार हाय."

झालं. आबाजींनी पायताण काढलं आणि होणाऱ्या जावयाच्या पायांवर डोकं ठेवलं. मी मागे सरकलो तर तेही सरकले. मग हात जोडून कौल मागितला, "देवा, माझी जना या घरात सुखी व्हईल का रं?" मी हो म्हणून मान हलवणारच होतो, तेवढ्यात मुखवटा घसरून डोळ्यांवर आला. दोन्ही हातांत नारळ. मुखवटा जागेवर बसवायला मी मान इकडून तिकडे जोरात झटकली. आबाजी चहा न घेता उठले.

असो. मला ती पोरगी मनापासून आवडली होती. तिला बघायला आलो तेव्हा पोहे देताना तिनं माझ्या खिशातल्या पुस्तकाकडे बघितलं आणि हसली होती. पण देवाच्या मनात नसेल तर इलाज काय? सगळी पुस्तकं गजाला देऊन टाकणार आहे. तू जिवाला जप.

तुझा आज्ञाधारक
पोपट

ता. क. पुस्तकं अजून दिलेली नाहीत. रंगपंचमीला राखणदार स्वतः लोधिवलीला येऊन कौल बदलून देणार आहे. आबाजींना अंगणात बसवायचं काम तुझं.

ता. क. आत्ताच तुमच्या लोधिवलीत दिलेल्या गजाच्या बहिणीकडून जनाचा निरोप आला. म्हणते, सिनेमा बघून लाल झूल बांधणाऱ्याचा कौल आपण मानत नाय, झूल हिरवी असते. आत्या, मला सिनेमावाला म्हणाली गं! तुझं हिरवं इरकली लुगडं घडी न मोडता तयार ठेव. लालचं विचारू नकोस, तेही तुझंच होतं.