रंकाळ्यात पोहायला शिकल्यावर केलेली निरवानिरव

मी, नृसिंह अंबादास कागलकर, वय एकोणसाठ, बँकेचा निवृत्त शाखाधिकारी, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय, सकाळचा चहा घेऊन स्वहस्ते लिहीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे; वारसांनी उगाच घाई करू नये.

१. माझी पत्नी हयात नाही. सबब स्वकष्टार्जित राहते घर व बँकेतील ठेव माझी एकुलती मुलगी नंदिनी हिला मिळावी. पुतण्या सयाजी म्हणतो, "काका, लेकीला घर कशाला? ती दुसऱ्याच्या घरची न्हवं?" या घराच्या गिलाव्याला नंदिनीने अकरा वर्षांची असताना पाणी मारले आहे, सयाजी तेव्हा पतंग उडवत होता. त्याने चार वर्षांपूर्वी नेलेली माझी छत्री मात्र त्याचीच समजावी.

२. लष्करी महाविद्यालयातील पितळी बकलाच्या पट्ट्याचे काय करायचे ते नंदिनीने ठरवावे. पण त्याविषयी खरे लिहिणे भाग आहे. कान बिघडल्यामुळे १९४६ साली तेथून परत आलो, असे मी चाळीस वर्षे सांगितले. कान उत्तम आहेत. तलावावरच्या उंच फळीवरून पाण्यात उडी मारायची होती. तीन दिवस फळीवर चढलो आणि शिडीनेच उतरलो. चौथ्या दिवशी अर्ज देऊन घर गाठले. पुढे बँकेत इचलकरंजी, आजरा, कोल्हापूर अशी छत्तीस वर्षे सुखात गेली. आजऱ्याचे लोक मला 'कॅप्टनसाहेब' म्हणत आणि मी खुशाल ओ देत असे.

१९७१ साली नंदिनीची पोहण्याच्या आंतरशालेय स्पर्धेसाठी निवड झाली. मी संमतीपत्रावर सही केली नाही. "मुलींना हे शोभत नाही," म्हणालो. खरे कारण माझी भीती होती. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

३. माझी सायकल करीम इलाही मोमीन यांना द्यावी. ते माझ्या शाखेत शिपाई होते. निवृत्तीनंतर माझे गुरू झाले. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मला रंकाळ्यावर नेऊन पाठीला डबा बांधला. मी काठावरच थिजलो. "सायेब, पाणी काय चावतंय व्हय? उतरा की!" उतरलो. दोन महिन्यांनी डबा सुटला. त्या दिवशी करीमभाईंनी काठावरच्या सगळ्यांना भजी खिलवली, माझ्या खर्चाने. त्यांना या कागदावर साक्ष करायची हौस होती. ज्याला काही मिळायचे त्याने साक्ष करू नये, असे सांगताच त्यांनी सायकल पसंत केली.

४. हा मसुदा काल नंदिनीला वाचून दाखवला. दुसऱ्या कलमापाशी तिने थांबवले.

"बाबा, हे मी तुम्ही गेल्यावर वाचायचं होतं होय? समोर बसलेय की. तोंडानं सांगा."

फार जड गेले. चष्मा दोनदा पुसला.

"माझं चुकलं, नंदू."

तिने चष्मा माझ्या नाकावर नीट बसवला. मग माझ्या हातातला कागद सरळ करून म्हणाली, "हं, वाचा पुढं."

सबब ते कलम आता केवळ नोंद समजावे; माफी समक्ष मागून झाली आहे.

माझ्यासमक्ष व एकमेकांसमक्ष सही करणारे साक्षीदार:
१) केरबा पिराजी चौगुले, शेजारी
२) बाबालाल दस्तगीर शिकलगार, शिंपी

सही: नृ. अं. कागलकर
कोल्हापूर, दि. २२ नोव्हेंबर १९८७