बादलीतलं घड्याळ

काल बादलीत सहा वस्तू होत्या: दोन चमचे, साबण, बूच, माझा कंगवा आणि तुझं घड्याळ. काय तरंगतं, काय बुडतं, ते पिटुकली बघत होती. "बाबा, घड्याळ बुडेल का?" असं तिने आधी तुलाच विचारलं होतं. मोबाइलमधून डोकं वर न काढता तू म्हणालास, "बघ टाकून." तिने टाकलं, आणि तू चार वर्षांच्या पोरीच्या थोबाडीत ठेवून दिलीस.

घड्याळ तांदळाच्या डब्यात ठेवलंय, चालेल बहुतेक. मला प्रयोगशाळेत उशीर होईल, दुपारी तिला तूच आण. माफी कशी मागायची, ते मी शिकवणार नाही.

आज उठल्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत तिने एकही प्रश्न विचारला नाही.