बरणीवरची चिठ्ठी

ता. ३ जून

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. पहिल्यांदाच एक अख्खं सॉफ्टवेअर माझ्या हाती दिलंय. पाच महिने खपले, सोमवारी ते सगळ्यांसमोर मांडायचंय. फक्त बारसं राहिलंय. तीन बैठका झाल्या. ऑफिसात शेजारच्या खोलीतल्यांच्या सॉफ्टवेअरचं नाव 'हिमशिखर' आहे, म्हणून साहेबांना आमचं 'गरुडझेप' हवंय. तुम्ही दवाखान्याचं औषधभांडार तीस वर्षं सांभाळलंत. एखादं भारदस्त नाव सुचवा.

मामींना नमस्कार. तुमच्या आशीर्वादावर हक्क सांगणारी,
भाची

ता. ६ जून

चि. भाचीबाईस अनेक आशीर्वाद.

बारशाला तीन बैठका? माझ्या भांडारात बरणीत असेल तेच चिठ्ठीवर लिहायचं. खोकल्याच्या औषधाला 'सिंहगर्जना' म्हटलं असतं, तर नर्सबाईंनी ते कोणाला पाजलं असतं देव जाणे. तुझं सॉफ्टवेअर करतं काय, ते एका ओळीत लिही आणि तेच नाव ठेव. मी फार खोचक लिहितो असं मामी म्हणते. तू मनावर घेऊ नकोस.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.
मामा

ता. १० जून

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं आणि तोंडघशी पडले. सर्वांसमोर फळ्यावर लिहिलं: औषध संपत आलं की भांडाराला कळवणारं. त्यावर शेजारच्या खोलीतली म्हणाली, की त्यांचं हिमशिखर दोन वर्षं हेच करतंय. आमची भिंत एक, चहाचं यंत्र एक, आणि आम्ही एकमेकींना नुसती नावं ऐकवत होतो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. माझं काम बंद झालं. मी खूप रडले, मामा. साहेबांनी चौकशी समिती नेमली आहे. तिचं नाव 'नवी पहाट'.

रागावलेली, तरी तुमचीच,
भाची

ता. १४ जून

चि. भाचीबाईस अनेक आशीर्वाद.

तू रडलीस हे वाचून जेवण गेलं नाही. आता एक कबुली देतो. माझ्या भांडारात एका पेटीवर मी 'संकीर्ण' असं लिहिलं होतं. मुदत संपलेलं, चुकून जास्त मागवलेलं, सगळं तिच्यात. ती कोणी उघडू नये म्हणूनच ते नाव दिलं होतं, आणि कोणी उघडलीही नाही. मी निवृत्त झालो तेव्हा हारतुरे मिळाले.

तू मात्र पेटी उघडलीस, तीही स्वतःची. मला ते तीस वर्षांत जमलं नाही.

मामीचे आशीर्वाद. ये एकदा.
मामा