गळ्यावरचं कुंकू

२८ सप्टें., रवि.
हारादासानांनी अखेर चित्र दिलं. खालच्या मजल्यावरच्या आजी, वय ८६. त्यांच्या थोरल्या बहिणीचं इथे टोकियोतच, गिन्झाला ड्रेसचं दुकान होतं, साठेक वर्षांपूर्वी. धाकटीच्या, म्हणजे आजींच्याच लग्नासाठी तिने हा ड्रेस कागदावर काढला. पेन्सिल, वर निळा वॉटरकलर. शिवायच्या आधीच ती गेली. आता आजींची नजर चाललीये, ती पूर्ण जायच्या आत तो ड्रेस माझ्याकडून शिवून घेऊन एकदा बघायचाय. फोटोवर भागलं असतं. पण बाहीच्या रेघा फोटोत पुसट येतात म्हणून मूळ कागद मीच मागितला. हौस दांडगी ना!

३० सप्टें., मंगळ.
कमरेच्या चुण्यांचं कोडं सुटेना. आजींच्या बहिणीने अंगावर कसा दिसेल ते काढलंय, कापायचा कसा ते नाही. तोयोसूच्या ऑफिसात मीटिंगमध्ये बसले होते, डोक्यात चुण्याच. चित्र शिलाई मशीनवरच ठेवलंय, सारखं लागतं.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
मेले! ऑफिसातून आले तर मशीनची पूजा झालेली. आई, म्हणजे सासूबाई, पुण्याहून आल्यात, त्यांनी मशीन, टेप, सुयांचा डबा, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. आणि चित्रालाही. ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट, बरोब्बर ड्रेसच्या गळ्यावर.
"अगं, कागद म्हणजे सरस्वतीच की. तुझं काम तडीस जावं म्हणून लावलं."
ओरडले. नको इतकं ओरडले. आई जेवल्याच नाहीत.

२ ऑक्टो., गुरु. दसरा
कसला दसरा. कापसाने टिपायला गेले तर गुलाबी पसरलं. आधी बोटाएवढं होतं, आता खांद्यापर्यंत.
निखिल म्हणे, "त्यांना दिसतंय कुठे? गुपचूप देऊन टाक."
मिहिका नऊ वर्षांची, तीच बापाला अर्धं जपानीत म्हणाली, "दामे! असं नाही करायचं."
खरं सांगायचं तर मला निखिलचंच पटत होतं. लाज वाटली स्वतःची.

४ ऑक्टो., शनि.
जाऊन सांगितलं. जपानी वाक्य पाठ करून गेले होते, दारातच विसरले. नुसतं बोटाने दाखवलं आणि रडले. हारादासानांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मग "दाइजोबु, दाइजोबु", काही हरकत नाही. हसल्या, चहा दिला. पण चित्र ठेवून घेतलं. या लोकांचा राग कळतो कुणाला? ड्रेस शिवू का, हे विचारायची छातीच झाली नाही.

५ ऑक्टो., रवि.
आई ऐकेनात. "बोट माझं, तू का खालमानेने फिरायचं?" इस्त्रीची साडी नेसून निघाल्या.
"आई, तुम्हाला भाषा येत नाही."
"पाया पडायला भाषा लागते होय गं?"
मी मागोमाग जिन्यात. दार उघडलं तशा आई वाकल्या. हारादासान बावरल्या, मग त्याही गुडघे टेकून तेवढ्याच खाली. दोन म्हाताऱ्या उंबऱ्यात, उठता कुणालाच येईना. मी धावले तर आईंनी हातानेच थांबवलं. एकमेकींना धरून उठल्या, आत गेल्या. दार लागलं.
तासभर होत आला. आत काय बोलत असतील, कुठल्या भाषेत, देव जाणे. मी वर येऊन निळं कापड टेबलावर पसरलंय. कापू, की आजी नको म्हणतील म्हणून घडी घालून ठेवून देऊ?