पंचायतीच्या भिंतीवरची खाण

सर,

तुम्ही गेल्यावर मी बऱ्याच भिंती रंगवल्या, पण यंदाच्या भिंतीनं माझी झोप उडवली आहे. मयेजवळच्या आमच्या गावात पंचायतीच्या भिंतीवर सगळ्यांनी मिळून चित्र काढायचं ठरलं आणि चित्रकलेची शिक्षिका म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. मी तुमचीच रीत लावली, प्रत्येक घराला दोन हात भिंत. देवळाच्या भिंतीवर तुम्ही आम्हा मुलांकडून काव करून घेतलीत, तो दिवस मला लख्ख आठवतो. चुन्यावर तांबड्या मातीचा ओला थर, तो सुकायच्या आत खरवडून पांढरी नक्षी काढायची. मी शेजारणीचा वाकडा मोर सरळ करायला जाते आणि तुम्ही माझ्या हातातला खिळा काढून घेता. “तिचो मोर तिका होयो तसो नाचांदे. तुका पंच कोणी केली?” सगळी पोरं हसली होती. मला फार राग आला होता तुमचा.

आमच्या वाड्यावर एक म्हातारी आहे. तिचं शेत खाणीच्या मातीखाली गेलं. तिनं ब्रश नको म्हटलं, बोटांनीच खाणीचा एक मोठा तांबडा खड्डा काढला आणि काठावर काडेपेटीएवढं घर. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सरपंच भिंत बघून गेले. काव एकदा खरवडली की पुसता येत नाही, पण डब्यातला रंग दोन हातांत सगळं झाकतो. दुपारपर्यंत त्या खड्ड्यावर मी हिरवंगार भात उभं केलं.

दुसऱ्या दिवशी ती नातीला घेऊन आली. “बाय, माझी खण खंय?” मी म्हटलं, पावसाच्या सरीनं धुतली. तिनं भातावरून हात फिरवला. “शेत बरां काढलंस गे. आमचां असांच होतां. तेच्यार खण इली, तां नातीक दाखवचां होतां.”

तिला पाऊस सांगितला, बाकीच्यांना सरपंच. हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून तुम्हाला खरं लिहिते. सरपंच फक्त “ह्यां काय?” एवढंच विचारून पुढे गेले होते. पुसायला मला कोणीही सांगितलं नव्हतं. खड्ड्याला लागून मी स्वतः रंगवलेलं तळं होतं, आणि लोक थांबत होते ते तिच्या खड्ड्यापाशी.